तीन शिट्या जास्त

॥ कानबाई माता प्रसन्न ॥

मु. ब्राह्मणपुरी, ता. शहादा
चैत्र वद्य अष्टमी

तीर्थरूप दीपमालाताईंच्या पायांवर डोकं ठेवून धाकटी भावजय रमिला हिचा नमस्कार, आणि शांतीलाल दाजींना उंबऱ्यावरूनच.

सुरतेला आमच्याएवढं ऊन नसलं तरी घामाचा त्रास जास्त, तेव्हा दोघांनी पाणी भरपूर पीत जावं ही विनंती आधीच करून ठेवते, कारण पत्र लांबणार आहे आणि शेवटी जागा उरेल असं दिसत नाही. (गेल्या वर्षीच्या वहीची मागची कोरी पानं आहेत. त्यांवर लिहिते आहे. पानं मोजकीच आहेत.) दाजींची साखर आता किती असते? कारल्याचा रस सोडू देऊ नका. इकडे आम्ही सगळे बरे. यांचा गुडघा चैत्रातही दुखतोच, पण मोटारसायकलला लाथ मारायची वेळ आली की दुखत नाही. फोनही करून पाहिला. अकरा वेळा केला. तुम्ही उचलला नाहीत, यात माझी तक्रार नाही. वर्षभर तुम्ही या घरचा फोन उचलत नाही त्याला कारण आहे. आबांना, तुमच्या वडिलांना, अग्नी दिला तेव्हा तुमची गाडी अजून नवापूरच्या पलीकडेच होती आणि आम्ही थांबलो नाही. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही, कारण लिहायला लागले तर हे पत्र पाण्यानं भिजेल आणि शाई स्वस्तातली आहे. बोलायला मला अहिराणीच बरी, पण लिहायला शाळेनं ही एवढीच मराठी शिकवली. चूकभूल पोटात घाला.

विषय आईंचा आहे. घाबरू नका. जेवतात, झोपतात, माळ ओढतात. पण त्यांनी एक गाठोडं बांधलं आहे आणि कुठे जायचं ते सांगत नाहीत. ऐंशी पार केलेल्या बाईनं, नवऱ्याचं वर्ष पुरं होत आलं असताना, न विचारता गाठोडं बांधलं की सून म्हणून छातीत काय होतं ते तुम्हाला कळेल. त्यांना घेऊन जायला कोणीतरी येतं आहे, आणि त्याला मीच घरात बोलावलं, माझ्या तोंडानं, असं मी तीन आठवडे समजत होते. म्हणून आधी दाताचं लिहिते.

माझा वरचा समोरचा उजवा दात तुम्हाला माहीत आहे. बारा वर्षांपूर्वी हातपंपाचा दांडा उलटा आला आणि अर्धा दात घेऊन गेला, तेव्हा त्यावर टोपी बसवली होती. आत धातू, वरून चिनी माती, कपबशीची असते तशी. बारा वर्षं तिनं निमूट काम केलं. यंदा पाडव्याला, आबांचं वर्ष सरलं नाही म्हणून आपण गुढी उभारली नाही, की गोडधोड आणलं नाही. पण सणाच्या दिवशी तोंड अगदीच कडू कसं ठेवायचं? डब्यात गेल्या वर्षीची साखरेची गाठी होती. नवीन आणली असती तर दोष लागला असता, जुनीला कसला दोष, असा विचार करून मी एक पदक तोंडात टाकलं. वर्षभर डब्यात बसून ते नर्मदेतल्या गोट्यासारखं झालेलं. टक् झालं. मला वाटलं पदक फुटलं. पदक अजून अख्खं आहे, हवं तर येऊन बघा.

आरशात पाहिलं तर टोपीचा कोपरा आणि पुढचा पापुद्रा गेलेला, आणि आतून करडा धातू बघतो आहे. बघतो आहे असंच वाटलं, कारण त्यात माझाच एक डोळा दिसत होता, लहान आणि लांबोडका. तुटलेला तुकडा हातात होताच. घरात चपला चिकटवायचा गोंद होता. (तुम्ही हसाल, पण यांच्या चपलेला तो दोन पावसाळे टिकला आहे.) देवाचं नाव घेतलं आणि तुकडा जागेवर बसवला. त्या दिवशी आरतीलाही टिकला. दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरताना मोरीत गेला, तो गेलाच. त्यानंतर मी बोलायला तोंड उघडलं आणि शिटी वाजली.

कशी ते सांगते. दातांत जी फट पडली होती तिच्यातून, कुठल्याही शब्दात श किंवा स आला की हवा निसटायची. आता आपल्या अहिराणीत आहे म्हणायला शे, तो वाक्याला शेवटी लागतोच. पाणी तापी ऱ्हायनं शे, भाकर टाकेल शे, दूधवाला उभा शे. मी दोन वाक्यं बोलले की दोन शिट्या. रामनवमीला मंदिरात बायकांच्या पठणात माझा आवाज सगळ्यांत वरचा असतो. त्या दिवशी श्रीरामांच्या प्रत्येक श्रीला शिटी गेली आणि शेजारच्या पितांबरभाऊंची आशा पदर तोंडात कोंबून बाहेर पळाली. हे लिहिताना मलाही हसू येतं आहे. त्या वेळी नाही आलं.

कारण माझं हसू त्याआधीच, गोठ्यात, थांबलं होतं. आबा गेल्यापासून आपली म्हैस गंगी अडून अडून दूध देते हे तुम्हाला माहीत नसेल. आबा धार काढताना पुढच्या दातांमधल्या फटीतून हळू शिटी घालायचे, तशी सवय तिला लागलेली. वर्षभर ती अर्ध्यावर पाय झाडत होती. तुकडा मोरीत गेला त्याच सकाळी मी तिला नुसतं म्हटलं, उभी ऱ्हाय, पेंड आनेल शे, आणि तिनं मान वळवली, कान टवकारले आणि माझ्या मागे बघितलं. माझ्याकडे नाही. माझ्या मागे. आणि पान्हा सोडला. बादली भरली. मी देवाचे आभार मानले, पण मागे वळून बघितलं नाही, बादली घेऊन तशीच आडवी आडवी चालत बाहेर आले.

त्याच संध्याकाळी दिवेलागणीला आई ओसरीवरून उठल्या. तुम्हाला ठाऊक आहे, त्या कोणी हात दिल्याशिवाय उठत नाहीत. उठल्या, स्वयंपाकघरात आल्या, तांब्यात पाणी घेतलं, चतकोर भाकरी घेतली, आणि दाराशी जाऊन रस्त्याच्या कोपऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी विचारलं, आई, काय हवं? त्यांनी हाताची बोटं ओठांवर ठेवली, गप्प म्हणून. थोड्या वेळानं पाणी तुळशीला घातलं, भाकरी गंगीला दिली आणि येऊन बसल्या. मग मला म्हणाल्या, आज दोन घास जास्ती वाढ. वर्षभरात त्यांनी असं मागितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. मला काय कळायचं ते कळलं. त्यांना वाटत होतं आबा आले. शिटी माझी, माणूस त्यांचा.

आता माझी अडचण बघा. दात तसाच ठेवला तर आई जेवतात, म्हैस दूध देते, आणि डॉक्टरकडे जावं लागत नाही. तिन्ही फायद्याचीच. मी आठ दिवस काही केलं नाही. नवव्या दिवशी आईंच्या खाटेखाली गाठोडं दिसलं. जुन्या लुगड्याचं, चार गाठींचं, वर हळदकुंकवाची बोटं. हात लावायला गेले तर म्हणाल्या, राहू दे, न्यायचं शे. कोठे? तर माळ ओढायला लागल्या. यांना सांगितलं तर म्हणाले, तुले भास व्हई ऱ्हायना, आणि गुडघ्याला तेल लावत बसले. पितांबरभाऊ मात्र ओट्यावर बसले होते, त्यांनी माझी शिटी ऐकली आणि टोपी काढून कपाळाला हात लावला. मग विचारलं, वहिनी, आबाचं वरीस कधी शे? त्यांच्या ‘शे’ला शिटी नव्हती, तरी माझ्या अंगावर काटा आला.

तुम्हाला माझी सवय माहीत आहे. काही समजेनासं झालं की मी वही घेते. एक पान आखलं. वेळ, मी काय बोलले, शिटी, आई काय करत होत्या. दोन दिवस लिहिलं आणि रात्रीच्या जेवणाआधी बेरीज केली. पहिला दिवस: एकूण शिट्या सतरा, माझ्या चौदा. दुसरा दिवस: एकूण बारा, माझ्या नऊ. दोन्ही दिवशी फरक तीन. आपल्या घरच्या वहीत आजवर चार आण्यांचा फरक राहिलेला नाही, तुम्ही आबांना विचारा. (लिहून गेले. खोडत नाही, पान खराब होतं.) मी स्वतःची समजूत घातली की मी तोंड अर्धवट उघडं टाकून काम करते, श्वासाचीच वाजली असेल. पण एका नोंदीपुढे मीच लिहिलेलं होतं: सायंकाळी पावणेसात, तोंडात पाण्याचा घोट, शिटी. तोंडात पाणी असताना कोणाला शिटी येते ते मला शाळेत शिकवलं नाही.

मग मात्र मी शहाद्याची बस धरली. बसस्टँडच्या मागे नवा दवाखाना झाला आहे. डॉक्टर म्हणजे म्हसावदच्या नवल गुरुजींची नात रुचिका, चिमुकली दिसते पण हात खंबीर. तिनं दोन रस्ते सांगितले. एक, टोपी कापून काढायची, माप घ्यायचं, नवी करून आणायची, पंधरा-वीस दिवस. दुसरा, तोंडातल्या तोंडात त्याच टोपीची डागडुजी. मी कुठला निवडला हे लिहायची गरज नाही. खर्चाचं सोडा, पण वीस दिवस माझ्याकडे होते का? मला ती फट त्याच दिवशी बुजवायची होती. ज्या भोकातून आबा येतात ते भोक बंद झालं की आईंचं गाठोडं सुटेल, एवढाच माझा हिशोब.

रुचिका म्हणाली, काकू, मसाला भरणं हे शेवटच्या दहा मिनिटांचं काम, खरं काम त्याच्या आधीचं. चिनी माती म्हणजे काच, आणि खाली उघडा पडलेला धातू. या दोघांवर काहीही नुसतं थापलं तर बसतं, पण राहत नाही. म्हणून आधी पृष्ठभाग साफ करायचा. मग बारीक पूड जोरानं मारून तो खरखरीत करायचा. मग चिनी मातीला आम्ल लावून डोळ्यांना दिसणार नाहीत अशी छिद्रं पाडायची, धुवायचं, खडखडीत वाळवायचं. मग पाण्यासारखं एक औषध लावून मिनिटभर थांबायचं, ते काचेला आणि मसाल्याला एकमेकांचा हात धरायला लावतं. मग धातूचा करडेपणा झाकायला पांढरा लेप, आणि त्यावर दाताच्या रंगाचा मसाला. मला हे लगेच पटलं. जातं गुळगुळीत झालं की टाकीनं ठोकून घेतल्याशिवाय दळत नाही, आणि जुन्या भिंतीला टोचे मारल्याशिवाय नवा गिलावा धरत नाही. हे मी तिला सांगितलं तर ती म्हणाली, कॉलेजात आम्हाला हेच शिकवायला एक वर्ष घेतलं. मग तिनं भिंग लावून दातात बघितलं आणि विचारलं, काकू, हे पिवळं काय आहे? मी म्हटलं, चपलेचा गोंद. तिनं टोकदार हत्यार उचललं. मग वीस मिनिटं तो खरवडला.

पहिल्या खेपेला चूक माझी झाली, ती प्रांजळपणे लिहिते. त्या कामात मध्ये मध्ये नुसतं आ करून पडून राहायचं असतं. इकडे एक मिनिट, तिकडे दोन मिनिटं. रिकामं मिनिट वाया गेलेलं मला बघवत नाही. बस धरायच्या घाईत त्या दिवशी माझ्या अकरा माळा राहिल्या होत्या, त्या मी तिथेच मनातल्या मनात सुरू केल्या. मनातल्या मनात खरं, पण माझी जीभ बत्तीस वर्षांच्या सवयीनं नामाबरोबर हलते आणि प्रत्येक नामाला तिचं टोक वरच्या दाताला जाऊन टेकतं. रुचिकानं गालात कापसाचे बोळे ठेवले होते, जिभेवर पहारा नव्हता. तिनं पाठ वळवली की मी नाम सुरू करायची. अशा तीन माळा झाल्या. दात सुंदर झाला, शिटी बंद झाली, गंगीनं पुन्हा पाय झाडला, आणि चौथ्या दिवशी कळण्याची भाकरी चावताना मसाल्याचा तुकडा सुटून माझ्या हातात आला.

पण ते चार दिवसही मी वही लिहिली होती. तुम्हाला खोटं वाटेल. माझ्या शिट्या: शून्य. एकूण शिट्या: रोज तीन. मी ती वही उलटी ठेवली आणि वर पंचांग ठेवलं.

दुसऱ्या खेपेला रुचिकानं पहिलाच प्रश्न जिभेचा विचारला. मी खरं सांगितलं, देवाच्या नावासाठी खोटं बोलायचं नाही. ती म्हणाली, काकू, नाव देवाचं असलं तरी लाळ ती लाळच. या वेळी तिनं माझ्या तोंडावर हिरवं रबराचं पातळ कापड ताणलं. त्याला एक भोक, आणि त्या भोकातून फक्त तो एक दात बाहेर. ओठ, जीभ, श्वास, सगळं कापडाखाली. म्हणाली, आम्ल जहाल आहे, हिरडीला लागलं तर भाजेल, आणि वाळवल्यानंतर तोंडातली वाफही दाताला लागायला नको. शेजारी खायच्या सोड्याची पूड तयार ठेवली होती, आम्ल मारायला. मी नाकानं श्वास घेत छताकडे बघत पडले. आम्ल लागलं, धुतलं, वाळलं. मग ते पाण्यासारखं औषध लावलं आणि रुचिका म्हणाली, आता एक मिनिट कोणी हलायचं नाही. हवेचं यंत्र तिनं बंद केलं. बाहेर दुपारचं ऊन, रस्ता ओस, पंखा नाही. इतकी शांतता मी आपल्या गावात कधी ऐकली नाही. या वेळी मी नामही घेत नव्हते. देवा, हा दात टिकू दे, आई राहू देत, एवढंच म्हणत होते, आणि तेही जिभेशिवाय.

तेव्हा शिटी वाजली. दोन लांब, एक आखूड. खोलीतच.

रुचिकानं लाळ ओढायच्या नळीकडे बघितलं. नळी आकड्याला टांगलेली होती. मग तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, तर हिरवं कापड ढोलकीच्या चामड्यासारखं ताणलेलं. मग तिनं घड्याळाकडे बघितलं, कारण मिनिट संपलं होतं आणि पुढचं काम थांबवता येत नव्हतं. तिनं लेप लावला, मसाला भरला, निळा दिवा धरला, घासून चकचकीत केलं. मुलीचा हात एकदाही हलला नाही, हे तिच्याबद्दल आवर्जून सांगते. निघताना मात्र मी चप्पल घालत असताना तिनं विचारलं, काकू, बाहेर बाकावर तुमचं कोणी थांबलंय का? मी म्हटलं, नाही बाई, मी एकटीच आले. बरं, म्हणाली, आणि दार उघडंच ठेवून आत गेली.

परवाची गोष्ट ही. घरी आले, तोंड मिटून बसले. दिवेलागणीला मी देवापुढे होते, ओठ बंद, दात पक्का. रस्त्याच्या कोपऱ्यावरून आली. दोन लांब, एक आखूड. आई उठल्या, तांब्या घेतला, भाकरी घेतली, दाराशी गेल्या. मी पंचांग बाजूला केलं आणि वही सरळ केली, आणि जे इतके दिवस माझ्याच अक्षरात माझ्यासमोर होतं ते तेव्हा वाचलं. माझ्या शिट्या सगळ्या एकेरी होत्या, आखूड. आणि शेवटच्या रकान्यात, माझ्या एकूण एक शिटीपुढे लिहिलेलं: आई बसल्या. आई बसल्या. आई बसल्या. ताई, आई माझ्या एकाही शिटीला उठल्या नव्हत्या. गंगी फसली, पितांबरभाऊ फसले, मी फसले. त्या फसल्या नाहीत. त्या फक्त त्या तीन जास्तीच्या शिट्यांना उठत होत्या, आणि त्यांचा माझ्या दाताशी काही संबंध नव्हता. चपलेचा गोंद, आम्ल, हिरवं कापड, सगळं फुकट गेलं. (दात चांगला झाला, ते वेगळं.)

मी जाऊन त्यांच्यामागे उंबऱ्यात उभी राहिले.  विचारलं, आई, आबा तुमले बलाई ऱ्हायनात का? गाठोडं त्यानंच शे का?

मी या घरात नवी आले तेव्हा डाळीत दोनदा मीठ घातलं त्या दिवशी जशा नजरेनं बघितलं होतं, तशाच नजरेनं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"माले काबर बलावतीन व? दीपीले लई यी ऱ्हायनात. आखाजी उनी ना."

म्हणजे आईंना न्यायला नाही, तुम्हाला घेऊन येताहेत! मग मला आठवलं, आणि आधी आठवलं कसं नाही याची लाज वाटली. दर अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, आबा स्वतः मुराळी होऊन तुम्हाला आणायला सुरतेला जायचे. भाऊ असताना बाप कशाला जातो म्हणून लोक हसायचे, तरी जायचे. आणि तुम्हाला घेऊन बसमधून उतरले की कोपऱ्यावरून शिटी घालायचे, दोन लांब, एक आखूड, म्हणजे आईंनी भाकर-तुकडा ओवाळायला आणि पायांवर पाणी घालायला तयार राहावं. मी तेव्हा मागच्या चुलीपाशी सांजोऱ्या तळत असायची. मला शिटी शिटीसारखीच ऐकू यायची. आईंना त्यात लेक ऐकू यायची.

गाठोडं त्यांनी माझ्यासमोर सोडलं. त्यांच्या मरणाचं काही नव्हतं त्यात. हिरव्या बांगड्या, मेंदीची पुडी, खणाचा तुकडा, एक चुनरी, आणि झोक्याची ती जुनी दोरी, जिच्यावर तुम्ही लग्नाआधी झोके घ्यायचात. न्यायचं शे म्हणजे तुम्ही परत जाताना तुम्ही न्यायचं. मी विचारलं, आणि दीपमालाताईला आणून पोचवल्यावर आबा काय करतील? माझा प्रश्न खरा वेगळाच होता, तो त्यांना कळला असावा. त्या म्हणाल्या, "मंग चहा पिसूत." आणि तांब्यातलं पाणी तुळशीला घालून आत आल्या.

तेव्हा ताई, एवढंच. आखाजी दहा दिवसांवर आहे. या वर्षी घागर आबांच्या नावानं पहिल्यांदा भरायची आहे. मी लहान-मोठी दोन्ही मडकी बघून ठेवली आहेत. दाजींना सांगा, इकडे आंबा यंदा बरा आहे. आम्ही सगळे तुमची वाट बघतो आहोत, आणि सगळे म्हणजे किती ते मी आता मोजत नाही.

तुमची,
रमिला

ता. क. येताना सुरतेहून जरीची बारीक लेस दोन मीटर आणावी. घागरीच्या खाली घालायच्या कापडाला लावायची आहे. इथे महाग पडते.

ता. क. दुसरा. लेस मिळाली नाही तरी चालेल. लेससाठी पत्र लिहिलेलं नाही. गेल्या वैशाखात, ऊन फार चढलं, ताईंची गाडी कधी येईल सांगता येत नाही, आता थांबू नका, हे मी म्हटलं होतं. यांनी नाही. हे दोनदा म्हणाले होते, थांबू. वर्षभर तुम्ही भावाशी अबोला धरलात आणि यांनी माझं नाव घेतलं नाही, आणि मीही दोष यांच्याच माथी राहू दिला. चूक माझी आहे. माझ्यावर जेवढं रागवायचं तेवढं इथे येऊन, समोर बसून रागवा. मी आ करून ऐकेन, जीभ हलवणार नाही.

ता. क. तिसरा. आखाजीच्या आदल्या दिवशी हे तुम्हाला आणायला येतील. गुडघा दुखणार नाही असं कबूल केलं आहे. पण यांना शिटी येत नाही, काल दिवसभर सराव केला, नुसती थुंकी उडते. तेव्हा कोपऱ्यावर उतरलात की हाक मारू नका, हॉर्न वाजवायला लावू नका. तुम्ही फक्त चालत या. आई तांब्या घेऊन दारात असतील. तुम्ही आलात हे आम्हाला आधी कळेल.